ती ट्रिप खोटी नव्हती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

औद्योगिक वायूंच्या साठ्यांच्या सुरक्षिततेवर आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात पानभर मजकूर आला होता. मी तो दोनदा वाचला. टाक्या, टँकर, गळती, अग्निशमन, सगळ्यावर लिहिलं होतं आणि ते लिहिणं गरजेचंच आहे. पण द्रवरूप वायूची टाकी आणि तो वायू वापरणारा कारखाना यांच्या मधे जे यंत्र उभं असतं, त्याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. ते यंत्र म्हणजे व्हेपरायझर, आणि त्यातही गरम पाण्याच्या टाकीचा, ज्याला आम्ही नुसतं ‘बाथ’ म्हणतो. मी 29 वर्षं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून काम केलं. त्यातली बरीचशी वर्षं अशा बाथच्या आसपास गेली. त्यातल्या एका रात्रीबद्दल आजवर मी घराबाहेर फारसं बोललेलो नाही. आज लिहितो आहे, कारण त्या रात्री जे चुकलं त्यात माझा हात होता.

आधी यंत्र सांगतो. नायट्रोजन उणे 196 अंश सेल्सिअसला उकळतो, ऑक्सिजन उणे 183 ला, आर्गॉन उणे 186 ला. एवढ्या थंडीत हे वायू द्रव होऊन थोड्या जागेत मावतात. एक लिटर द्रव नायट्रोजनचा नेहमीच्या तापमानाला जवळजवळ 700 लिटर वायू होतो. साठवायला द्रव सोयीचा, पण वापरायला वायूच लागतो. म्हणून मधे ऊब द्यावी लागते. बाथमध्ये पाण्याने भरलेली टाकी असते, तिच्यात स्टेनलेसच्या नळ्यांचं वेटोळं, म्हणजे कॉइल, बुडवलेलं असतं. पाणी वाफेवर, विजेच्या हीटरवर किंवा बर्नरवर तापवतात. कॉइलच्या एका टोकातून द्रव आत जातो, दुसऱ्या टोकातून वायू बाहेर पडतो. एवढंच.

या साधेपणात मोठं शहाणपण आहे. आग आणि वायू यांची कधी गाठच पडत नाही, मधे पाणी असतं. उघड्या टाकीतलं पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे कॉइल करपण्याची भीती नाही. आणि पाणी ऊब धरून ठेवतं, हा मला सगळ्यात महत्त्वाचा गुण वाटतो. द्रव नायट्रोजन उकळवून तो हवेच्या तापमानाला आणायचा तर किलोमागे साधारण 420 किलोज्यूल लागतात. आमच्या बाथमध्ये 8 हजार लिटर पाणी होतं. ते 70 अंशांवरून 40 वर उतरलं, तर तेवढ्या उबेत जवळजवळ 2400 किलो नायट्रोजन उकळून निघतो. आमचा प्रवाह ताशी 1500 घनमीटर, म्हणजे 1900 किलोंच्या आसपास. म्हणजे वाफ पूर्ण बंद पडली तरी सव्वा तास वायू मिळत राहणार. वीज गेली, बॉयलर बसला, तरी बाथ सांभाळून घेतो. त्याचा भरवसा वाटतो तो यामुळेच. आमच्याकडे बाथ हा राखीव व्यवस्थेचा भाग होता. हवेपासून नायट्रोजन वेगळा करणारा मुख्य प्लांट थांबला, की टाकीतला द्रव पंपाने बाथमध्ये जायचा आणि ग्राहक कारखान्याचा पुरवठा सुरू राहायचा.

आता भीती कशाची, ते सांगतो. कॉइल स्टेनलेसची असते. हे पोलाद उणे 196 लाही चिवट राहतं. पण बाथच्या पुढे काही अंतरावर स्टेनलेस संपतं आणि साधा कार्बन स्टीलचा पाइप सुरू होतो. सगळीच लाइन स्टेनलेसची कोणी घालत नाही, आणि घालायची गरजही नाही, कारण तिथे येणारा वायू ऊबदार असणार हे गृहीत धरलेलं असतं. साधं कार्बन स्टील पाइपिंगच्या नियमांप्रमाणे सर्वसाधारणपणे उणे 29 अंशांपर्यंत चालतं. त्याखाली ते ठिसूळ होत जातं. नेहमीच्या तापमानाला जास्त ताण आला तर पोलाद आधी ताणलं जातं, फुगतं, काहीतरी इशारा देतं. थंडीने ठिसूळ झालेलं पोलाद काचेसारखं एकदम तडकतं. आतला वायू दाबाखाली असला तर पाइपाचे तुकडे उडतात.

म्हणून बाथच्या तोंडाशी, वायू बाहेर पडतो तिथे, तापमानाचा सेन्सर असतो. वायू ठरलेल्या मर्यादेपेक्षा थंड झाला की तो आपोआप पुढचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि पंप थांबवतो. याला आम्ही लो टेंपरेचर ट्रिप म्हणतो. आमच्याकडे ती उणे 20 वर लावलेली होती. युरोपियन इंडस्ट्रियल गॅसेस असोसिएशन या संघटनेने एक मार्गदर्शक दस्तऐवज खास याच विषयावर, व्हेपरायझर आणि त्याचे पाइप थंडीने ठिसूळ होऊन फुटू नयेत म्हणून, काढलेला आहे. म्हणजे धोका नवा नाही आणि उपायही माहीत नाही असं नाही.

आमच्या बाथची ही ट्रिप दोन आठवड्यांत चार वेळा पडली. प्रत्येक वेळी ग्राहक कारखान्याचा पुरवठा तुटला, फोन आले, आरडाओरडा झाला. पॅनेलवर बाथचं पाणी 62 अंश दाखवत होतं. पाणी एवढं गरम असताना वायू थंड कसा निघेल? सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: सेन्सर बिघडलाय, ट्रिप खोटी आहे.

मी सेन्सर काढला. पीटी-100 होता, म्हणजे तापमानाप्रमाणे ज्याचा विद्युतरोध बदलतो असा. कुटलेला बर्फ आणि पाणी थर्मासमध्ये घेतलं, सेन्सर त्यात दहा मिनिटं धरला आणि मीटर लावला. शून्य अंशाला त्याने 100 ओहम दाखवायला हवेत. त्याने 100.1 दाखवले. सेन्सर ठणठणीत होता. मी तो परत बसवला आणि शिफ्टच्या साहेबांना जाऊन सांगितलं.

ते म्हणाले, “मग वायरिंगमध्ये कुठेतरी ढिलं असेल. नवीन सेन्सर मागवा. तोपर्यंत जंपर टाका. पाचवी ट्रिप मला नकोय.”

मी म्हणालो, “साहेब, सेन्सर बरोबर आहे.”

“बरोबर आहे तर मग पाणी 62 कसं? तुम्हीच सांगा.”

मला सांगता आलं नाही. पॅनेल उघडलं, ट्रिपच्या दोन टर्मिनलमध्ये वीतभर निळी वायर बसवली आणि स्क्रू आवळले. जंपर म्हणजे हीच वायर; ती लागली की सेन्सर काहीही सांगो, ट्रिप पडत नाही. दोन मिनिटांचं काम. लॉगबुकमध्ये ‘टीआय आउटलेट (म्हणजे बाथच्या तोंडाशी असलेलं तापमान), जंपर, नवीन सेन्सर येईपर्यंत’ एवढं लिहिलं. कुणाची सही घेतली नाही, मुदत संपायची तारीख घातली नाही, पॅनेलवर पाटी लावली नाही. तसं करायची तिथे पद्धतच नव्हती. पण मला ते सुचायला हवं होतं.

जंपर लागला त्या अकराव्या रात्री मी पाळीवर होतो. दोन वाजून गेले होते. वीज क्षणभर गेली आणि आली. तेवढ्यात मुख्य प्लांटचे कॉम्प्रेसर बसले, बॉयलरही बसला. राखीव पंप आपोआप सुरू झाला आणि द्रव बाथमध्ये जाऊ लागला. सगळे मुख्य प्लांट परत उभा करण्यात गुंतले. बाथकडे पाहायला एकच ऑपरेटर होता, कामाला लागून वर्षही न झालेला पोरगा. बऱ्याच वेळाने तो धावत आला.

“दादा, जरा चला. लाइन पांढरी पडत चाललीय.”

बाथच्या आउटलेटवर थोडं दव, थोडा बर्फ कधीकधी दिसायचा, त्यामुळे मी फार घाईने निघालो नाही. तिथे गेलो तेव्हा पाहिलं की पांढरा थर स्टेनलेसच्या शेवटच्या फ्लँजपर्यंत, म्हणजे पाइपाच्या सांध्यापर्यंत, आला होता. टॉर्च मारला. फ्लँजच्या पलीकडे साधा रंगवलेला पाइप होता आणि त्याच्यावरही पीठ भुरभुरल्यासारखी साय धरायला लागली होती. मी पाहत असतानाच ती कडा पुढे सरकली. एक वीत, मग आणखी चार बोटं. रंगाला बारीक भेगा पडल्याचा आवाज येत होता, वाळलेलं पान चुरगळावं तसा. लोकल पॅनेलवर आउटलेटचं तापमान उणे 61 होतं. सेन्सर आपलं काम करत होता. अलार्मही वाजला होता आणि कुणीतरी तो नेहमीच्या सवयीने अॅक्नॉलेज केला होता, म्हणजे बटण दाबून गप्प केला होता. व्हॉल्व्ह मात्र बंद होणार नव्हता, कारण मधे माझी निळी वायर होती. त्याच पॅनेलवर बाथचं पाणी 54 अंश दाखवत होतं.

मी पाइपाकडे पाहत उभा राहिलो. त्या पोराने मला काही विचारलं नाही. तो चार पावलं मागे गेला आणि पंपाचं इमर्जन्सी स्टॉपचं बटण दाबलं.

पाइप फुटला नाही. कशामुळे वाचला ते मला आजही सांगता येणार नाही. उणे 61 ला, आत दाब असताना, तो फुटायला मोठं कारण लागलं नसतं, एखादा ठोकाही पुरला असता. आणि ठोका बसणारच होता. पुरवठा तुटल्याचा फोन आला, दोघेजण गरम पाण्याचा होज ओढत आले. पाइपावर पाणी मारून बर्फ उतरवायचा आणि पंप परत सुरू करायचा, असा त्यांचा विचार. मी आडवा आलो. का नको, हे त्या वेळी मला धड सांगताही आलं नसतं. पोटात गोळा आला होता एवढंच. जवळ कुणाला जाऊ दिलं नाही, आणि लाइन आपोआप ऊबदार होईपर्यंत तीन तास आम्ही लांब बसून राहिलो.

नंतर मी वाचायला लागलो, तेव्हा लाँगफर्ड सापडलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातला वायुशुद्धीकरणाचा प्रकल्प, तारीख 25 सप्टेंबर 1998. गरम तेलाचे पंप बंद पडले. नेहमी गरम असणारा एक हीट एक्स्चेंजर उणे 48 अंशांपर्यंत थंड झाला, त्याच्यावर बाहेरून बर्फ धरला. मग गरम तेल परत सोडलं गेलं. थंडीने ठिसूळ झालेलं पोलाद तडकलं, वायू बाहेर आला आणि पेटला. दोन कामगार गेले, आठ जखमी झाले, आणि राज्यातला वायुपुरवठा दोन आठवड्यांच्या आसपास विस्कळीत झाला. कंपनीने बोट ऑपरेटरांकडे दाखवलं होतं. चौकशी आयोगाने ते मानलं नाही. गोठलेल्या धातूत गरम द्रव सोडण्यात काय धोका आहे, याचं शिक्षणच त्या माणसांना दिलेलं नव्हतं, असं आयोगाने 1999 च्या अहवालात म्हटलं. ते वाचताना मला आमचा होज घेऊन येणारे दोघे आठवले. त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. मलाही नाही.

सकाळी बाथ उघडला. तेव्हा 62 अंशांचं कोडं सुटलं. पाण्याचा सेन्सर टाकीच्या वरच्या भागात होता, वाफेच्या कॉइलजवळ. पाणी फिरवणाऱ्या पंपाची गाळणी गंज आणि क्षारांनी भरून गेली होती, त्यामुळे पाणी फिरतच नव्हतं. गरम पाणी वर तरंगत राहिलं आणि गार पाणी तळाला साचलं. खालच्या ड्रेनमधून बादलीत पाणी काढलं, ते 6 अंश होतं. वाफेच्या नळ्यांवर अंड्याच्या टरफलाएवढा जाड क्षाराचा थर होता. आणि द्रव आत शिरतो त्या कॉइलच्या खालच्या रांगांवर मनगटाएवढा बर्फ. बर्फ एकदा धरला की तो स्वतःच ऊब अडवतो. पुढच्या रांगांवर भार पडतो, तिथेही बर्फ धरतो. त्यातून काही महिन्यांपूर्वी ग्राहकाची मागणी वाढली म्हणून आम्ही प्रवाह वाढवला होता, बाथ मात्र होता तोच ठेवला होता. चारही ट्रिप खऱ्या होत्या. त्या सेन्सरने चार वेळा खरं सांगितलं आणि आम्ही त्यालाच गप्प केलं.

चौकशी झाली. ज्या पोराने बटण दाबलं त्याला ‘परवानगीशिवाय पुरवठा बंद केल्याबद्दल’ लेखी खुलासा द्यावा लागला. मी माझ्या खुलाशात जंपर मीच लावल्याचं लिहिलं, सेन्सरच्या तपासणीचे आकडेही लिहिले. त्याचा कागद मागे घेतला गेला नाही. काही महिन्यांत तो नोकरी सोडून गेला. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. त्या रात्री तिथे असलेल्या सगळ्यांमध्ये योग्य काम करणारा तो एकटा होता.

हे सगळं मी वृत्तपत्राला का लिहितो आहे? कारण आपल्या त्या मजकुरात ‘सुरक्षा उपकरणे बसवणे’ यावर भर होता. उपकरणं आमच्याकडेही बसवलेली होती आणि चालूही होती. प्रश्न त्यांना बायपास करण्याचा आहे. माझ्यासारखा पगारी माणूस दोन मिनिटांत वायर लावून एखादी ट्रिप मारू शकतो आणि दुसऱ्या पाळीला त्याचा पत्ताही लागत नाही, अशी ठिकाणं आजही आहेत. निवृत्तीनंतर काही कारखान्यांत तपासणीसाठी गेलो, तेव्हा मी पहिल्यांदा पॅनेलचं दार उघडायचो. दोन टर्मिनलमध्ये धूळ बसलेली वायर मला एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसली. विचारलं की उत्तर यायचं, “ती आधीपासूनच आहे.”

पुरवठा तुटू नये हा आग्रह चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. नायट्रोजन कित्येक ठिकाणी स्वतःच सुरक्षेसाठी लागतो. ज्वालाग्राही द्रवाच्या टाक्यांमध्ये हवा शिरू नये म्हणून त्यांच्यावर तो पसरलेला असतो. तो अचानक थांबला तर तिथे वेगळा धोका उभा राहतो. म्हणून एकदम तोडण्याआधी सांभाळून घेणारी व्यवस्था हवी. वायूचं तापमान घसरायला लागलं की आधी अलार्म, मग प्रवाह आपोआप कमी करणारा कंट्रोलर, आणि शेवटी ट्रिप. शेजारी दुसरा बाथ तयार ठेवता आला तर उत्तमच. पाण्याचं तापमान एकाच जागी न मोजता वर आणि खाली दोन्हीकडे मोजावं. हे काही अवघड तंत्रज्ञान नाही.

ज्यांच्याकडे एलपीजीचा बाथ आहे त्यांनी हे आपल्याला लागू नाही असं समजू नये. प्रोपेन उणे 42 ला उकळतो, तिथे थंडीचा प्रश्न एवढा तीव्र नसतो, पण बाथ गार पडला तर द्रवच पुढे जातो. द्रव एलपीजीचा साधारण 250 पट वायू होतो. तो रेग्युलेटरमधून बर्नरपर्यंत द्रवरूपात पोचला तर ज्योत किती मोठी होईल याची कल्पना करा. तिथे फ्लोट, म्हणजे द्रव आला की उचलला जाणारा तरंगता गोळा, आणि तापमानाचा स्विच मिळून हेच काम करतात, आणि तिथेही ‘सारखा पडतो’ म्हणून त्यांना बांधून ठेवलेलं मी पाहिलं आहे. क्लोरिन आणि अमोनियाच्या बाथवर मी काम केलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही.

ट्रिप तपासायची म्हणजे काय, हेही सांगतो, कारण कागदावर सगळीकडे ‘तपासले’ लिहिलेलं असतं. सेन्सर बर्फात घालून आकडा पाहणं ही अर्धी तपासणी झाली, मीही तेवढीच केली होती. खरी तपासणी म्हणजे सिग्नल मर्यादेखाली नेऊन व्हॉल्व्ह खरोखर बंद होतो का, किती सेकंदांत बंद होतो, पंप थांबतो का, हे जागेवर उभं राहून पाहणं. जंपर लावावाच लागला तर त्यावर लावणाऱ्याचं नाव, मंजुरी देणाऱ्याची सही आणि तास मोजून मुदत हवी. पॅनेलच्या बाहेर लाल पाटी हवी, आणि तेवढा वेळ त्या पाइपाशी एक माणूस उभा हवा, ज्याला कुणालाही न विचारता पंप बंद करायची लेखी मुभा आहे.

आणि पाइप पांढरा पडलेला दिसला तर त्याच्यावर पाणी मारू नका, ठोकू नका, त्याच्या जवळ जाऊन हात लावू नका. लांबून द्रव बंद करा आणि थांबा. गळतीचा ढग दिसत असेल तर त्याच्या कडेपासूनही लांब राहा. जे पांढरं दिसतं ते हवेतलं पाणी असतं. नायट्रोजन दिसत नाही, तो त्या ढगाच्या बाहेरही असतो, आणि जिथे ऑक्सिजन फारच कमी झालेला असतो तिथे एक-दोन श्वासांत माणूस खाली बसतो.

माझी आपल्याला विनंती आहे की पुढच्या वेळी या विषयावर लिहाल तेव्हा कारखान्याच्या व्यवस्थापनाबरोबर रात्रपाळीच्या ऑपरेटरशीही बोला. त्याला एवढंच विचारा: “बाथची लो टेंपरेचर ट्रिप शेवटची कधी पाडून पाहिली, आणि तुम्ही स्वतः पंप बंद केलात तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला कागद मिळेल का?” आणि माझ्या तेव्हाच्या त्या तरुण सहकाऱ्याच्या वाचनात हे पत्र आलं, तर त्याला सांगायचं आहे की तुझा तो खुलासा लिहून द्यायची वेळ माझ्यावर यायला हवी होती.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन